अंगावरची बहीण

माझी धाकटी बहीण केतकी एका सोमवारी सकाळी झगा झाली. मी चहाचे कप घेऊन तिच्या खोलीत गेले तेव्हा ती पलंगावर पडलेली होती, बाह्या दोन्ही बाजूंना टाकून, घेर गुडघ्यात मोडल्यासारखा एका अंगाला दुमडून. झोपायचीही ती तशीच. रंग फिकट पिस्त्याचा होता, कॉलर गोल, बाह्या मनगटापर्यंत, डाव्या कुशीला हुकांची ओळ. शिवण हाताची होती. असे झगे आता कुणी शिवत नाही. आईच्या लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या बाई घालायच्या, तसला. मी कप खाली ठेवले आणि कापड दोन बोटांत धरून पाहिलं. उत्तम सुती होतं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, आणि कोमट होतं. मानेच्या मागे, जिथे केतकीला तीळ आहे, तिथे काळ्या दोऱ्याचा एक टाका होता.

मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, झग्याकडे पाहिलं आणि आधी खिडकी लावून घेतली.

"उन्हात राहू देऊ नकोस. रंग उडेल."

"आई, ही केतकी आहे."

"दिसतंय मला. जन्म दिलाय मी तिला." ती पलंगाच्या काठावर बसली आणि घेरावरच्या चुण्या तळव्याने सारख्या करत राहिली. "होतं असं कुणाकुणाचं. शिरसाठांच्या सुनेचं झालं होतं. घडी मात्र घालायची नाही. घडीवर कापड विरतं."

बोलता बोलता तिला रडू आलं. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, कापडावर डाग पडू नये म्हणून.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"घालायचं. नुसतं पडून राहिलं की कापड मरतं. मला काही बसायची नाही ती. तुझ्याच मापाची आहे."

मी नाशिकला एका जाहिरात कंपनीत काम करते, पण लोक मला ओळखतात ते माझ्या कपड्यांमुळे. बुधवारी नदीकाठच्या बाजारात बोहारणी बसतात. दारोदार फिरून भांड्यांच्या बदल्यात घेतलेले जुने कपडे त्या तिथे ढिगाने विकायला मांडतात. त्या ढिगांतून मी कधी पारशी काठ लावलेलं पोलकं उपसून काढलं, कधी मोठ्या कॉलरचा टेरिलिनचा शर्ट, कधी निळ्या कॉर्डरॉयचा कोट. नव्या कपड्यात मला कधी गंमत वाटली नाही. जुन्या कोटाच्या खिशाला कुणाच्या तरी मुठीचा आकार आलेला असतो, कोपराला टेकून बसण्याची चकाकी असते. मी ते धुवायचे, उसवलेलं शिवायचे आणि रोज सकाळी त्यातलं काहीतरी अंगावर चढवून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पिवळ्या भिंतीसमोर उभी राहायचे. तो फोटो इन्स्टाग्रामवर जायचा आणि हजारो माणसं तो बघायची.

फोटो केतकी काढायची. "ताई, मान जरा डावीकडे. हां. आता कोपर दिसू दे." ती स्वतः दोनच पंजाबी ड्रेस आलटून पालटून वापरायची, एक करडा, एक तपकिरी. चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हे तिला बरोबर कळायचं; आरशात मात्र ती केस बांधण्यापुरतीच बघायची. मी तिला कितीदा एखादं पोलकं, एखादं जाकीट देऊन पाहिलं. ती ते अंगाला लावून बघायची आणि परत हँगरला अडकवायची. म्हणायची, "नको गं. हे कुणाचं तरी आहे."

आदल्या दिवशी, रविवारी, ती मटार सोलता सोलता म्हणाली होती, "ताई, उद्या फोटो दुसऱ्या कुणाकडून काढून घे."

"का? कुठे चाललीस?"

"कुठे नाही. घरीच आहे."

मी आणखी काही विचारलं नाही.

तर सोमवारी मी केतकीला डोक्यावरून अंगात घातलं. आत तिच्या तेलाचा वास होता. डाव्या कुशीचे हूक लावताना तिने श्वास आत घेतला. मीही घेतला, नाहीतर ते लागले नसते. आई दोन पावलं मागे सरून आम्हाला बघत राहिली.

"बरी दिसते," ती म्हणाली. कोण, ते तिने सांगितलं नाही.

तेवढ्यात निनादच्या स्कूटरचा आवाज आला. निनादचं आणि केतकीचं ठरलं होतं, मार्गशीर्षात लग्न होतं, आणि दुकानात जाताना तो तिला रोज आमच्या दारातून घेऊन जायचा. तो हेल्मेट हातात घेऊन आत आला.

"केतकी तयार आहे?"

"शलाकाच्या अंगावर आहे," आई म्हणाली.

निनादने हेल्मेट खाली ठेवलं. मग त्याने एका बोटाने माझ्या उजव्या बाहीच्या कफाला हात लावला.

"दुखतंय का?"

"नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, ताई."

कफ त्याच्या बोटाभोवती किंचित वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हसला. फोटो काढायला कुणीच नव्हतं म्हणून त्या दिवशी तोच गच्चीवर आला. मी भिंतीसमोर उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत केतकी या भिंतीसमोर पहिल्यांदाच उभी राहते आहे. ती लाजली. मला ते पोटावर जाणवलं, सगळं कापड एकदम गरम झालं.

तो फोटो माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त लोकांना आवडला. हा झगा कुठे मिळाला, असं शेकडो जणींनी विचारलं. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, आणि तो आनंद होत असताना झग्याच्या आत, डाव्या कुशीशी, माझ्या ठोक्यांच्या अध्येमध्ये दुसरे ठोके पडत होते.

पहिले काही दिवस मी संध्याकाळी झगा उतरवून लाकडी हँगरला लावायचे. सकाळी कॉलर ओली असायची. आईने एकदा कॉलरला गाल लावून पाहिला.

"तिला काढत जाऊ नकोस," ती म्हणाली. "एकटी पडते."

मग मी ती अंगावर ठेवूनच झोपायला लागले. अंघोळही तशीच करायचे. पाणी आतून जायचं आणि कापड दुपारपर्यंत अंगावरच वाळायचं. एके दिवशी सकाळी डाव्या कुशीला हात लावला तर हूक नव्हते. जखम भरून यावी तशी ती जागा भरून आली होती, शिवणीचा माग तेवढा राहिला होता. मी म्हटलं असू दे, गळा सैल आहे, डोक्यावरून निघेल. पुढच्या दोन दिवसांत गळाही मानेला घट्ट बसला.

त्याच सुमारास उजवी बाही तिच्या मनाने वागायला लागली. मी ऑफिसला निघाले की ती मला कोपऱ्यावरून दुसरीकडे वळवायची. मी दोनदा तिला मागे ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं नाही, कारण लोक बघत होते. ती मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. मालकांनी मान वर न करता म्हटलं, "केतकी, दाते आजोबांची फ्रेम काढून दे." मी काउंटरच्या मागे गेले. फ्रेम कुठल्या खणात आहे ते हाताला माहीत होतं. दिवसभर मी लोकांच्या नाकांवर चष्मे ठेवून पाहिले. पुढे रोजच तसं व्हायला लागल्यावर एका संध्याकाळी मी माझ्या ऑफिसला फोन केला, तर ते म्हणाले, शलाका बरेच दिवस आली नाही, भेटली तर निरोप द्या.

"मीच शलाका बोलतेय," मी म्हणाले.

"हो, हो," ते म्हणाले. "निरोप द्या."

निनाद मला 'ताई' म्हणायचा तो 'शलाका' म्हणायला लागला होता, मग काहीच म्हणेनासा झाला, आणि एका सकाळी गच्चीवर मोबाइल डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "केतकी, मान जरा डावीकडे कर ना."

मी मान डावीकडे केली.

"निनाद," मी म्हणाले, "मी शलाका आहे. केतकी कापडात आहे."

त्याने मोबाइल खाली घेतला. तो मुळात चांगला मुलगा आहे. तो माझ्याकडे अगदी काळजीने बघत होता.

"तुला ताईची आठवण येते," तो म्हणाला. "मला कळतं गं."

त्या रात्री जेवायला शेपूची भाजी होती. मला शेपू आवडत नाही. लहानपणी मी ताटातली शेपू हळूच केतकीच्या ताटात सरकवायचे आणि ती मुकाट्याने खायची. मी दोनदा मागून घेतली. तिसरा घास तोंडात होता तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मी ताटावरून उठले, मोरीत गेले आणि झग्याचा गळा दोन्ही हातांनी धरून वर ओढला. डाव्या हाताने जोर लावला. उजवा हात मात्र नुसता गळ्यावर राहिला, एखाद्याला समजावताना ठेवतात तसा.

"केतकी," मी हळू आवाजात म्हणाले, "सोड मला. मी तुला टाकून देणार नाही. पण मला सोड."

मोरीचा नळ गळत होता. कापड थोडं आवळलं, थोडं सैल झालं. कुणी आत हुंदका दाबला तर असंच होईल.

बुधवारी मी दुकानातून लवकर घरी आले. ओट्यावर स्टीलचं एक नवं पातेलं होतं. माझ्या खोलीतलं कपाट सताड उघडं होतं आणि त्यात एकही कपडा नव्हता. मोकळे हँगर दांडीवर हलत होते.

"आई, माझे कपडे?"

आई पातेल्याचं स्टिकर नखाने खरवडत होती. "कुठले?"

"कपाटातले. सगळे."

"ते शलाकाचे होते," ती म्हणाली. "बोहारीण आली होती, दिले. ती कुठे घालते आता? पडून पडून कसर लागली असती."

"आई, मी शलाका."

तिने वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर तिची नजर क्षणभर थांबली, काहीतरी आठवतंय असं तिला वाटलं असावं. मग ती नजर कॉलरवर उतरली आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"असं बोलू नये बाळा," ती म्हणाली. "हात-पाय धू. निनाद येतोय, शालू बघायला जायचंय."

मी तशीच मागे फिरले. चपला घातल्या नाहीत. मला बदलायला काहीतरी हवं होतं, एवढंच. एक साधा शर्ट मिळाला असता तरी चाललं असतं, माझ्या अंगाचं वळण पडलेला. उजवी बाही मला घराकडे ओढत होती. मी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन नदीपर्यंत पळत गेले.

बाजार भरात होता. बोहारणींनी ताडपत्र्या पसरल्या होत्या आणि त्यांवर कपड्यांचे ढीग होते. त्या बाजारात मी वर्षानुवर्षं येत होते, पण माझी नजर नेहमी खाली ढिगावर असायची. त्या दिवशी मी माणसांकडे पाहिलं. एक आजोबा एकेक स्वेटर उचलून कानाशी नेत होते आणि हळूच परत ठेवत होते. एक बाई परकरांच्या ढिगाजवळ बसून "आक्का? आक्का?" असं विचारत होती, प्रत्येकाला निराळं. दोघं भाऊ एका सदऱ्याच्या दोन बाह्या धरून भांडत होते. "अरे, बाबांना असे खांदे नव्हते," धाकटा म्हणत होता. ढिगावर बसलेली बोहारीण त्यांना म्हणाली, "घ्यायचे असतील तर घ्या, नाहीतर ठेवा खाली. उगाच ताणू नका."

माझे कपडे मला रंगांवरून सापडले. नदीच्या अगदी कडेच्या ताडपत्रीवर ते पसरलेले होते, पोलकं, टेरिलिनचा शर्ट, सगळे. मी वाकून शर्टाला हात घातला आणि तो हातातून निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तो मला ओळखत नव्हता. जाकीट पाहिलं, पोलकं पाहिलं. प्रत्येक कपडा माझ्या हाताखालून अंग चोरून घेत होता.

"तुम्हीच ना त्या?" बाजूने कुणीतरी म्हणालं.

चाळिशीच्या पुढची एक बाई ढिगाच्या पलीकडे बसली होती. तिच्या मांडीवर निळ्या कॉर्डरॉयचा कोट होता, माझाच.

"पिवळ्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या त्या," ती म्हणाली. "मी सिंधू थेटे. ओझरहून येते. तुमचे फोटो रोज बघायचे."

"हो का," मी म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही. दिनकरसाठी." तिने कोटाच्या पाठीवरून हात फिरवला. "माझा भाऊ. बारावीत होता. आमच्या वडलांनी रागाच्या भरात बोहारणीला देऊन टाकला. मग एक दिवस तुमच्या अंगावर दिसला. 'हा कोट कुठे आहे, मला भेटायचंय' म्हणून मी तुम्हाला किती वेळा लिहिलं."

मला आठवलं. तसं रोज लिहिणारं कुणीतरी होतं. मी प्रत्येक वेळी त्याखाली एक लाल बदाम टाकायचे.

"मला वाटलं, तुम्हाला कोट आवडलाय," मी म्हणाले.

"आवडतोच," सिंधू म्हणाली. तिने कोटाच्या आतल्या खिशाला कान लावला. तिचा चेहरा निवांत झाला. "झोपलाय. तुम्ही नीट वापरलात. कोपरं झिजू दिली नाहीत."

 मी तिच्या शेजारी ताडपत्रीवर बसले. अंगावरचा झगा इतका घट्ट बसला होता की पाठ वाकवता येत नव्हती. कॉलर हनुवटीला टेकली होती.

"ही माझी बहीण आहे," मी म्हणाले. "मला हिला काढायचंय. मला एकटीला जमत नाही."

सिंधूने माझ्याकडे नीट पाहिलं. माझा कफ उलटा करून बघितला, कुशीची शिवण बोटाने चाचपली, मानेमागचा काळा टाका पाहिला.

"किती दिवस काढली नाही?"

"लक्षात नाही."

"शिवण कुठे संपते आणि तुम्ही कुठे लागता, ते दिसत नाही मला," ती म्हणाली. "ओढ म्हणालात तर ओढते. पण मग जे होईल ते."

"तिला लागता कामा नये."

"आणि तुम्हाला?"

त्याचं उत्तर मी देणार होते, पण वरच्या रस्त्यावरून निनादची हाक आली. "केतकी! अगं केतकी!" तो पायऱ्या उतरत होता आणि त्याच्यामागे आई होती, एका हातात माझ्या चपला घेऊन, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरत. गर्दीतून ती मला शोधत होती. उजवी बाही उठली आणि तिने त्यांना हात केला.

"लवकर," मी सिंधूला म्हणाले.

तिने कोट काळजीने बाजूला ठेवला, त्याच्या बाह्या छातीवर घेतल्यासारख्या केल्या आणि उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"हात वर करा."

मी हात वर केले. लहानपणी आई आमचे फ्रॉक काढायची तेव्हा करायचे तसे, सरळ, कानांना चिकटून. उजवा हात वर जाईल की नाही याची मला खात्री नव्हती. तोही गेला. सिंधूने घेर दोन्ही मुठींत धरला आणि वर ओढायला सुरुवात केली. गुडघ्यांना हवा लागली, मग मांड्यांना, मग पोटाला. हवा गार होती आणि ती मला लागत होती, म्हणजे मी होते. बरगड्यांपाशी कापड अडलं. तिने आणखी जोर लावला. काहीतरी उसवल्याचा आवाज झाला, बारीक, टाक्यामागून टाका.

कॉलर हनुवटीवरून सरकली, ओठांवरून, डोळ्यांवरून. सगळं पिस्ता रंगाचं झालं. विणीच्या बारीक भोकांतून ऊन आत येत होतं. सिंधूच्या मुठी माझ्या गळ्यापाशी होत्या. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात खालून कुणीतरी घेर धरला आणि तो खाली ओढला. बांगड्या वाजल्या. ती आई होती.

"माझी पोर आहे ती," आई म्हणत होती. "काय करताय तिचं? माझी पोर आहे."

"कोणती?" सिंधूने विचारलं.

आईने घेर सोडला नाही. एक वरून ओढत होती, एक खालून, आणि मधे माझं तोंड कापडात होतं. श्वास पुरत नव्हता. मग अगदी कानाशी, कापडाच्या माझ्याच बाजूला, केतकी बोलली.

"ताई, हळू गं. केस अडकलेत माझे."

मी हलायची थांबले. डोळे वर करून पाहिलं. विणीतून वरचं ऊन दिसत होतं आणि त्या उन्हात, मोकळ्या हवेत, आमचे हात दिसत होते, सरळ वर केलेले, बोटं पसरलेले. चार होते.